व्हॉल्व्ह भंगारात आणि गॅलियम नायट्राइड दारात

विज्ञानाच्या दोन राष्ट्रीय बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आहेत. २०२५च्या एप्रिल महिन्यात नवा रायपूर येथे गॅलियम नायट्राइडवर आधारित अर्धवाहक कारखान्याची पायाभरणी झाली. आमच्या भिलाईपासून ते ठिकाण तास-दीड तासाच्या वाटेवर आहे, त्यामुळे येथील विद्यार्थ्यांमध्ये त्या बातमीने साहजिकच उत्साह संचारला. त्यानंतर ४ जुलै २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर असलेले शुभांशु शुक्ला यांनी हॅम रेडिओवरून बंगळुरू येथील यू. आर. राव उपग्रह केंद्राशी संवाद साधला. ‘हॅम रेडिओ म्हणजे काय?’ हा प्रश्न त्या आठवड्यात मला जितक्या विद्यार्थ्यांनी विचारला, तितका त्याआधीच्या दहा वर्षांत कोणी विचारला नव्हता.

तिसरी बातमी मात्र कोणत्याही वर्तमानपत्रात आली नाही. एका शिक्षणसंस्थेने आपल्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतील निरुपयोगी वस्तूंची यादी केली, तिचे रीतसर निर्लेखन केले आणि तो माल किलोच्या भावाने भंगारवाल्याला दिला. त्या मालात निर्वात नलिकांचा, म्हणजे आपल्या वाडवडिलांच्या भाषेत व्हॉल्व्हचा, एक हौशी रेडिओ प्रक्षेपक होता. पोलादी पेटीतला, शेवटच्या टप्प्यात ८०७ जातीचे दोन व्हॉल्व्ह असलेला. मी आणि माझे दोन विद्यार्थी तेथे पोहोचलो तेव्हा तांब्यासाठी त्याचे एक रोहित्र फोडून झाले होते. उरलेला सांगाडा आम्ही भंगाराच्याच भावाने विकत घेतला. कायद्याच्या दृष्टीने त्या संस्थेचे काहीही चुकलेले नाही, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे. आपल्या व्यवस्थेत विज्ञानाचे एक साधन नष्ट करताना कोणाचेही काही चुकत नाही.

हा प्रसंग मी एका चर्चेत सांगितला तेव्हा एका तरुण मित्राने उत्तर दिले, “सर, देश गॅलियम नायट्राइडकडे निघाला आहे आणि तुम्ही काचेच्या नळ्या कवटाळून बसला आहात.” वाक्य चटपटीत आहे. टाळ्याही मिळाल्या. पण ते भौतिकशास्त्राच्या कसोटीवर चुकीचे आहे, आणि का चुकीचे आहे ते सांगण्यासाठी हा प्रपंच.

प्रथम प्रतिपक्षाचे जे खरे आहे ते मान्य करतो. अर्धवाहकाने व्हॉल्व्हला बहुतेक क्षेत्रांतून हद्दपार केले, ते योग्यच झाले. व्हॉल्व्हला तापवावे लागते, त्या तापण्यात वीज खर्च होते, काच फुटते, ऋणाग्राचे आयुष्य संपते. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील इंडस-२ या सिंक्रोट्रॉनची रेडिओ-वारंवारता प्रणाली आरंभी क्लायस्ट्रॉन या निर्वात नलिकांवर चालत असे, पुढे तेथील शास्त्रज्ञांनी घनावस्था वर्धक देशातच विकसित केले. ही अभिमानाची गोष्ट आहे. उद्या कोणी मोबाइलच्या मनोऱ्यात ८०७ बसवा म्हणाला, तर त्याच्या विरोधात पहिला लेख मी लिहीन.

परंतु ‘व्हॉल्व्हचा काळ संपला’ हे विधान मात्र खोटे आहे. तुमच्या शहरातल्या प्रत्येक रुग्णालयातील क्ष-किरण नलिका ही निर्वात नलिका आहे. कर्करोगावर किरणोपचार करणाऱ्या रेखीय त्वरकाला शक्ती पुरवतो तो मॅग्नेट्रॉन किंवा क्लायस्ट्रॉन. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्ह ओव्हनमध्ये मॅग्नेट्रॉनच आहे. १९७७ साली निघालेले व्हॉयेजर-१ हे यान एक्स-बँडवरील आपला संदेश प्रगामी-तरंग नलिकेच्या साहाय्याने पाठवते. २०२४च्या ऑक्टोबरमध्ये त्या यानाने स्वतःच तो प्रक्षेपक बंद करून १९८१पासून न वापरलेल्या एस-बँडचा आश्रय घेतला, तेव्हा जगभरचे वैज्ञानिक चिंतेत पडले होते. फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या ‘आयटर’ या संमीलन प्रकल्पासाठी आयन-सायक्लोट्रॉन तापनाचे उच्चशक्ती स्रोत पुरवण्याची जबाबदारी भारताची आहे, आणि त्या स्रोतांचे हृदय निर्वात नलिका हेच आहे. पिलानीच्या ‘सीरी’ संस्थेत आणि बंगळुरूच्या संरक्षण संशोधन प्रयोगशाळेत सूक्ष्मतरंग नलिकांवर आजही काम चालते. या संस्थांना माणसे कोठून मिळावीत, अशी आपली अपेक्षा आहे? पदव्युत्तर पदवीपर्यंत ज्याने तापलेला ऋणाग्र डोळ्यांनी पाहिलेला नाही, अशा विद्यार्थ्यांतून?

तरीही हा माझा मुख्य मुद्दा नाही. मुख्य मुद्दा असा की, ज्या गॅलियम नायट्राइडच्या नावाने व्हॉल्व्ह भंगारात काढले जातात, त्या गॅलियम नायट्राइडचा सर्वांत चांगला शिक्षक व्हॉल्व्हच आहे.

जरा बारकाईने पाहू. रेडिओ-वारंवारतेसाठी वापरला जाणारा गॅलियम नायट्राइडचा ट्रान्झिस्टर बहुधा ‘मुळातच चालू’ असतो. गेटवर शून्य दाब असताना त्यातून धारा वाहते. ती रोखायची तर गेटला ऋण दाब द्यावा लागतो. म्हणून नियम असा की आधी गेटचा ऋण दाब, मग ड्रेनचा धन दाब, आणि बंद करताना उलट क्रम. आता १९४०च्या दशकातला कोणताही प्रक्षेपक उघडा. तेथेही आधी जाळीला, म्हणजे ग्रिडला, ऋण दाब द्यायचा आणि नंतरच धनाग्राला उच्च दाब. नियम तोच, कारणही तेच. फरक एवढाच की क्रम चुकला तर गॅलियम नायट्राइडचा महागडा ट्रान्झिस्टर डोळ्याची पापणी लवण्याआधी जळतो आणि का जळला हे कळत नाही. व्हॉल्व्हचे धनाग्र मात्र मंद लाल होऊ लागते, मग गडद लाल होते, आणि तेवढ्या अवधीत विद्यार्थ्याला कळ बंद करता येते. व्हॉल्व्ह चूक दाखवतो आणि क्षमा करतो. नवशिक्याला याहून अधिक काय हवे?

आणखी एक उदाहरण. आजच्या मोबाइल मनोऱ्यांतील गॅलियम नायट्राइड वर्धकांत ‘डोहर्टी’ रचना सर्रास वापरली जाते. विल्यम डोहर्टी यांनी ती बेल प्रयोगशाळेत १९३६ साली मांडली, आणि मांडली ती नभोवाणीच्या व्हॉल्व्ह प्रक्षेपकासाठी. सुमारे नऊ दशकांपूर्वीची ही कल्पना पाचव्या पिढीच्या मोबाइल जाळ्यात जिवंत आहे. पदार्थ बदलला, आकार बदलला, कल्पना तीच राहिली. ज्यांना वाटते की जुने यंत्र फेकले की जुने ज्ञान आपोआप नव्यात उतरते, त्यांनी एवढ्या एका उदाहरणाचा विचार करावा. ज्ञान हस्तांतरित करावे लागते, आणि त्यासाठी मध्ये हात असावे लागतात.

आता आमच्या त्या सांगाड्याकडे वळतो. तो दुरुस्त करायला आम्हाला सात महिने लागले. या सात महिन्यांत माझ्या दोन विद्यार्थ्यांनी जे शिकले, ते मी त्यांना दोन वर्षांत फळ्यावर शिकवू शकलो नव्हतो, हे शिक्षक म्हणून कबूल करणे मला सोपे जात नाही.

पहिले दोन महिने आम्ही त्याला वीज दाखवलीच नाही. केवळ परिपथ कागदावर उतरवला. फुटलेल्या रोहित्राच्या जागी दुसरे गुंडाळून घेतले. जुनी कागदी धारित्रे गळकी झालेली असतात, ती सगळी बदलली. मग मुख्य विजेच्या वाटेत एक साधा बल्ब एकसरीत जोडून आणि व्हेरिअॅकने दाब हळूहळू वाढवून प्रत्येक टप्प्यावर मोजमाप केले. दोन-व्हॉल्व्हच्या शक्तिवर्धकाने पहिल्याच दिवशी नको त्या वारंवारतेवर दोलने सुरू केली. या परोपजीवी दोलनांचा बंदोबस्त करताना विद्यार्थिनीला प्रथमच कळले की जोडणीची चार बोटे लांब तार हे केवळ ‘जोडलेले आहे’ असे चिन्ह नसून स्वतः एक वेटोळे आहे. परिपथाच्या आकृतीत ती सरळ रेषा असते. निसर्गात नसते.

त्याच प्रक्षेपकातील एकदिशकारी व्हॉल्व्ह वेगळा काढून त्यांनी दाब आणि धारा यांचा आलेख काढला. दाब दुप्पट केला तर धारा दुप्पट होत नाही, सुमारे २.८३ पट होते, कारण अवकाश-प्रभाराने मर्यादित झालेली धारा दाबाच्या दीड घाताच्या प्रमाणात वाढते. चाइल्ड आणि लँगम्यूर यांचा हा नियम त्यांनी परीक्षेत सिद्ध केला होता, गुणही मिळवले होते. तो खरा असतो हे त्यांना त्या दिवशी समजले.

मग अनुनाद. पाच मायक्रोहेन्रीचे वेटोळे आणि शंभर पिकोफॅरडचे धारित्र यांची अनुनादी वारंवारता काढा, ७.१ मेगाहर्ट्झच्या आसपास येते. हे गणित कोणीही करील. पण बदलते धारित्र फिरवताना धनाग्र-धारेचा काटा झपकन खाली येतो, त्या तळाशी परिपथ जुळलेला असतो, आणि थोडे पुढे गेले की काटा पुन्हा वर चढून धनाग्र तापू लागते. हा काटा पाहिलेल्या विद्यार्थ्याला ‘अनुनादाला समांतर परिपथाचा संरोध कमाल असतो’ हे वाक्य पाठ करावे लागत नाही. संगणकावरील अनुरूपण उपयुक्त आहे, मी स्वतः रोज करतो. मात्र अनुरूपणात तेवढेच घडते जेवढे आपण त्यात घातलेले असते. आम्हाला सात महिने ज्यांनी छळले ते दोष कोणीही आज्ञावलीत घातलेले नव्हते.

येथे धोक्याचा आक्षेप येतो, आणि तो गंभीर आहे. ६०० व्होल्टपर्यंत भारित झालेल्या ३२ मायक्रोफॅरडच्या धारित्रात ५.७६ ज्यूल ऊर्जा असते. ती हातातून छातीकडे गेली तर जीव जाऊ शकतो, आणि यंत्र बंद केल्यावरही ती तेथेच दबा धरून बसलेली असते. म्हणूनच आमचे नियम कडक होते. एकट्याने कधीही पेटी उघडायची नाही. झाकण काढताच वीज तोडणारी कळ हवी. धारित्रावर निचरा करणारा रोधक कायमचा हवा, आणि तरीही भूसंपर्कित दांडीने धारित्र रिकामे केल्याखेरीज आत हात घालायचा नाही. मोजताना एक हात पाठीमागे. ज्या प्रयोगशाळेत हे नियम पाळता येत नसतील तेथे हा प्रयोग करू नये, हे मी निःसंदिग्ध शब्दांत सांगतो. पण धोका आहे म्हणून शिकवणेच बंद करायचे, हा न्याय पोलादाच्या गावात तरी कोणी सांगू नये. माझे आजोबा विदर्भातून भिलाईला आले ते पोलाद कारखान्यात काम करायला. १९५९ साली येथे पहिली झोतभट्टी सुरू झाली. वितळलेले लोखंड धोकादायक असते म्हणून येथल्या माणसांनी भट्टीकडे पाठ फिरवली नाही. त्यांनी शिस्त शिकून घेतली. धोक्याला शिस्तीने उत्तर देणे हेच तर तांत्रिक शिक्षण.

शेवटचा आक्षेप स्मरणरंजनाचा. ‘तुम्हाला जुन्या वस्तूंचे वेड आहे.’ या आरोपाला माझे उत्तर इतिहासातून आहे, आणि तो इतिहास मराठी वाचकाच्या अंगणातला आहे.

१९३९ साली महायुद्ध सुरू होताच ब्रिटिश सरकारने भारतातील हौशी रेडिओचे परवाने रद्द केले. १९४२च्या ऑगस्टमध्ये मुंबईत काँग्रेस रेडिओ हे भूमिगत केंद्र उभे राहिले. बावीस वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांचे सहकारी ते चालवीत होते. प्रक्षेपक उभारणारे नरिमन प्रिंटर हे अशाच रद्द झालेल्या हौशी परवान्याचे धनी होते, आणि शिकागो रेडिओचे नानक मोटवानी यांनी सामग्री पुरवली. केंद्राची तरंगलांबी होती ४२.३४ मीटर. प्रकाशाच्या वेगाला तिने भागा. उत्तर ७.०८ मेगाहर्ट्झ येते. आजही हौशी रेडिओसाठी राखून ठेवलेल्या ४० मीटरच्या पट्ट्यातच ही वारंवारता पडते! जे हात हौस म्हणून प्रक्षेपक बांधायला शिकले होते, त्यांचीच विद्या साम्राज्याची सेन्सॉरशिप मोडायला उपयोगी पडली. १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी छापा घातला, उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांनी ती येरवड्यात भोगली.

दुसरे उदाहरण गोव्याचे. १९५४ साली दादरा आणि नगर हवेली मुक्त झाली तेव्हा पोर्तुगिजांचे बिनतारी संच हाती लागले. त्या संचांवर काम करून त्यांतून नभोवाणी केंद्र घडवण्यात आले, आणि २५ नोव्हेंबर १९५५ पासून आंबोलीच्या जंगलातून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांचा आवाज गोव्यात पोहोचू लागला. पुढे ते केंद्र कॅसलरॉकच्या बाजूला हलले आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त होईपर्यंत, सहा वर्षे, हे काम चालले. लिबियाताईंना २०२५ साली पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सर्वांनी अभिनंदनाचे संदेश पुढे पाठवले. पण जंगलात, पावसात, सुटे भाग मिळण्याची शाश्वती नसताना व्हॉल्व्हचा संच सहा वर्षे बोलता ठेवणे म्हणजे काय, याची कल्पना किती जणांना आहे? दुसऱ्याचे यंत्र उघडून, समजून घेऊन, आपल्या कामासाठी बदलणे हेच तेथे घडले. आज आपण ज्याला तांत्रिक स्वावलंबन म्हणतो आणि ज्याच्या घोषणा देतो, ते त्या झाडीत प्रत्यक्ष होते.

आणि हे फक्त स्वातंत्र्यपूर्व काळातले नाही. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली तेव्हा हौशी रेडिओचे एक पथक योगायोगाने अंदमानात होते. नेहमीचे संपर्क तुटल्यावर त्यांनी निरोप पोहोचवले. त्यांच्याकडे व्हॉल्व्ह नव्हते, आधुनिक संच होते. पण माणूस तोच होता, स्वतःच्या संचाची नस ओळखणारा. मी जपू पाहतो आहे तो काचेचा तुकडा नव्हे. हा माणूस.

असा एक माणूस आमच्या कामात होता. आमच्याच वसाहतीतले निवृत्त तंत्रज्ञ, वय ऐंशीच्या पुढे. आम्ही त्यांना काका म्हणतो. तीन आठवडे न सापडलेला दोष त्यांनी खुर्चीवर बसून, केवळ रोहित्राचा घुमणारा आवाज ऐकून सांगितला. “पोरांनो, निचऱ्याचा रोधक तुटलाय. बिनभाराचा आवाज आहे हा.” आम्ही मोजले. रोधक खरोखरच तुटलेला होता. तो तसाच राहिला असता तर यंत्र बंद केल्यावरही धारित्र भारित राहिले असते, आणि आमच्यापैकी कोणाचा तरी हात त्यावर पडला असता. काकांचे हे ज्ञान कोणत्याही पुस्तकात नाही. माझा विद्यार्थी त्यांना म्हणाला, “काका, हे लिहून ठेवा ना.” ते हसून म्हणाले, “लिहून काय होतंय बाळा? ऐकायला यंत्र नको का?”

माझ्या साऱ्या युक्तिवादाचे सार त्या प्रश्नात आहे. यंत्र गेले की कान जातात, आणि काकांच्या पिढीकडे फार वर्षे उरलेली नाहीत.

म्हणून मी चार मागण्या मांडतो. त्यांना कोट्यवधींचा निधी लागत नाही. पहिली, प्रयोगशाळेतील जुनी उपकरणे निर्लेखित करण्यापूर्वी त्यांची यादी परिसरातील भौतिकशास्त्र विभागांना आणि हॅम मंडळांना तीस दिवस आधी कळवावी. कोणी नेतो म्हणाले तर त्याच भंगारभावाने द्यावी. दुसरी, पदव्युत्तर प्रयोगशाळेत निर्वात नलिकेवरचा किमान एक प्रयोग ठेवावा आणि त्याच्या शेजारीच गॅलियम नायट्राइडच्या ट्रान्झिस्टरचा. दोन्हींचे आलेख एकाच वहीत असावेत. तिसरी, प्रत्येक विज्ञान महाविद्यालयाने हौशी रेडिओच्या परीक्षेची तयारी करून घ्यावी. बारा वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही ती देता येते, परवाना केंद्र सरकारकडून मिळतो. परवान्यावाचून प्रक्षेपण करणे हा गुन्हा आहे, तेव्हा आधी परवाना आणि मगच ॲण्टेना. चौथी मागणी थेट तुमच्याकडे, विद्यार्थी मित्रांनो. तुमच्या गल्लीत, तुमच्या वसाहतीत असा एक काका असेल. त्याच्याकडे जा. वही घेऊन जा, आणि शक्य असेल तर एखादे बंद पडलेले यंत्रही.

आमचा प्रक्षेपक गेल्या महिन्यात प्रथम पूर्ण शक्तीने चालला, तो ॲण्टेनावर नव्हे, पन्नास ओहमच्या कृत्रिम भारावर. सुमारे ऐंशी वॅट मिळाले. संदेश कोणालाच गेला नाही, भार तेवढा तापला. विद्यार्थिनीने त्यावर हात धरून ऊब पाहिली. माझ्या त्या तरुण मित्राला, ज्याच्या वाक्याला टाळ्या मिळाल्या होत्या, मी या आठवड्यात बोलावले आहे. ग्रिडचा ऋण दाब आधी द्यायचा की धनाग्राचा धन दाब, हे त्याने स्वतः कळ दाबून ठरवावे. नवा रायपूरच्या कारखान्यात पुढेमागे नोकरीला लागायचे त्याच्या मनात आहे, आणि तेथे त्याला पहिल्याच दिवशी हाच प्रश्न भेटणार आहे.